सोलोच्या आधी

हिंजवडी
रविवार, १२ जानेवारी २०२५

ऋतुजा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न वाचताच फाडशील, अशी शक्यता धरूनच लिहायला बसलोय. पत्ता पूर्वाने दिला. चुलत बहिणीवर रागावू नकोस, तिने पत्ता देताना मला अट घातली, की दारात जाऊन उभं राहायचं नाही. मी कबूल केलं. फोन तू केव्हाच ब्लॉक केलास, मग राहिलं टपाल. हिंजवडी ते सदाशिव पेठ वीस किलोमीटर, आणि पोस्टातला माणूस म्हणाला चार दिवस लागतील. मी म्हटलं, ट्रॅफिक बघता बरोबर आहे. तो हसला नाही.

बातमी अशी, की तुझा बाप हेलिकॉप्टर चालवायला शिकतोय.

हास खुशाल. वय बावन्न, पोटाचा घेर तुला माहीत आहे. नोव्हेंबरपासून दर शनिवार-रविवार जातो. इथून दीड तासावर एक संस्था आहे. माळावर एक पट्टी, एक पत्र्याची शेड आणि दोन-दोन माणसं बसतील एवढी दोन हेलिकॉप्टरं. बाकीची सगळी पोरं पंचविशीच्या आतली. पहिल्या दिवशी त्यांना वाटलं मी कुणालातरी सोडायला आलोय. एकाने तर विचारलं, "अंकल, तुमचा मुलगा कुठल्या बॅचला?"

हे खूळ जुनं आहे हे तुला माहीत आहेच. बारावीनंतर मी एअरफोर्सचा फॉर्म घेऊन आलो होतो. तुझ्या आजोबांनी तो पूर्ण वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "आधी ट्रॅक्टर रिव्हर्स घ्यायला शीक." शिकलो. मग जमीन आयटी पार्कात गेली, राहिलेल्या तुकड्यावर पीजीची बिल्डिंग उभी राहिली, आणि मी उभ्या जन्मात उडालो नाही. पूर्वाच्या लग्नात नवरदेव हेलिकॉप्टरने आला होता, आठवतं? आपल्या भागात तेव्हा ती लाटच आली होती, घोडा कुणाला चालेनासा झाला होता. सगळी वरात नवरदेवाचे फोटो काढत होती आणि मी मांडवामागे पायलटला जिलेबी खाऊ घालत होतो. तो म्हणाला, शरीर धड असेल तर शिकायला वयाची अट नाही. त्या दिवसापासून मी माणसात नव्हतो.

मम्मी ठीक आहे. काठी घेऊन चालते, उजवा पाय अजून पुरता वाकत नाही. माझं शिकणं तिला पसंत नाही. "तुम्ही आणि तुमचं ते भिरभिरं," म्हणते आणि डबा मात्र भरून देते.

अपघात झाला, मम्मीचा पाय मोडला, विश्वजीतशी ठरलेलं तुझं लग्न मोडलं आणि तू घर सोडलंस. यातलं काहीही मी उगाळणार नाही. मला फक्त तुला ही बातमी द्यायची होती. उत्तर दिलंस तर आनंद आहे.

तुझे पप्पा

*

रविवार, २ फेब्रुवारी

ऋतुजा,

उत्तर आलं नाही. येईल असं धरलंही नव्हतं, तरी पोस्टमनला दोनदा हटकलं.

आमचे शिकवणारे कॅप्टन शहेजाद. गंज पेठेतले, वडिलांचं सायकलींचं दुकान आहे. वय तुझ्याएवढंच. जमिनीवर मला काका म्हणतो आणि वर गेलं की शाळामास्तर होतो. आम्ही सध्या एकच गोष्ट शिकतोय, जमिनीपासून माणूसभर उंचीवर एका जागी स्थिर राहायचं. ऐकायला सोपं आहे. डाव्या हातात वर-खाली करायचा दांडा, दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये दिशेचा दांडा, दोन्ही पाय पेडलांवर. एक हलवलं की बाकीच्या दोन्हींचं बिनसतं. मी तो मधला दांडा असा आवळून धरायचो, की शहेजाद म्हणाला, "काका, हा बैलाचा कासरा नाही. नुसता हात ठेवा, ते स्वतः सांगतं." पंधरा तासांनंतर आता ते मला थोडंथोडं सांगायला लागलंय.

परवा चहा पिताना त्याने एक सांगितलं. विमान सोडून दिलं तरी थोडा वेळ आपलं आपण उडत राहतं. हेलिकॉप्टर सोडून दिलं तर उलटतं. "किती वेळात?" मी विचारलं. "दोन सेकंद," तो म्हणाला. मी चहा तसाच ठेवून उठलो, त्याला वाटलं साखर कमी झाली.

पूर्वा सांगत होती, तू अजून गाडी चालवत नाहीस. स्कूटरसुद्धा घेतली नाहीस. चित्रकलेच्या क्लासला चालत जातेस, भाजीला मंडईपर्यंत चालत जातेस, पाऊस असला तरी. हे ऐकल्यापासून मला नीट जेवण गेलेलं नाही. उगाळणार नाही म्हटलं होतं, पण मग ही पत्रं लिहिण्यात अर्थ काय?

गाडी मी चालवत होतो.

सहा वर्षं झाली, हे चार शब्द मी कुठेही लिहिले नव्हते, बोललो नव्हतो. माझ्याखेरीज हे फक्त तुला माहीत आहे. मम्मी मागे झोपली होती. ती आजही समजते, की तू चालवत होतीस.

तुझ्या लग्नाच्या पत्रिका वाटण्याचा तो तिसरा दिवस. आपल्यात पत्रिका कुरिअरने पाठवली तर माणसं येत नाहीत, आली तर जेवत नाहीत. घरोघर जाऊन हातात द्यायची, अक्षता द्यायच्या, पुढे आलेला चहा नाकारायचा नाही. त्या दिवशी एकतीस घरं झाली होती आणि एकतीस चहा. पोटात दुसरं काही नाही. तू दोनदा म्हणालीस, "पप्पा, मी घेते गाडी." मी म्हटलं, मुलीने बापाला गाडीत बसवून पत्रिका वाटल्या तर लोक काय म्हणतील. भूगावच्या पुढच्या वळणावर माझ्या डोळ्यांपुढे पांढरं झालं. एवढंच आठवतं.

नंतरचं तू मला हॉस्पिटलात सांगितलंस. तुझ्या बाजूचं दार झाडात अडकलं होतं. तू माझ्या अंगावरून हात घालून माझं दार उघडलंस, मला बाहेर ढकललंस आणि माझ्या सीटवर सरकून इंजिन बंद केलंस. लोक धावत आले तेव्हा मी रस्त्याच्या कडेला पडलेलो आणि तू स्टेअरिंगमागे. कुणीतरी म्हणालं, "पोरगी चालवत व्हती." मी तेव्हा शुद्धीवर आलो होतो. मी ते ऐकलं आणि तोंडात मिठाची गुळणी धरली.

पप्पा

*

रविवार, ९ मार्च

ऋतुजा,

दोन पत्रं पोचली. पूर्वाने सांगितलं, तुझ्या टेबलावर तिने पाहिली, फोडलेली. म्हणजे वाचलीस. एक ओळ लिहायला काय हरकत होती? शिवी लिही हवी तर.

मला तुझा रागही येतो, तो आज लिहून टाकतो. मी गप्प बसलो हे खरं. पण तूही बोलली नाहीस. हवालदार हॉस्पिटलात आला आणि त्याने विचारलं, गाडी कोण चालवत होतं, तेव्हा तू स्वतःच्या तोंडाने "मी" म्हणालीस. मी तुझा हात धरला नव्हता. तुझ्याकडे लायसन्स होतं, वय लहान, पहिलीच चूक. कोर्टाने दंड करून सोडून दिलं. माझ्यासारख्या माणसावर केस झाली असती तर भावकीने पुढची दहा वर्षं चघळलं असतं. माझं नाव घेऊन म्हणाले असते, मच्छिंद्रने पोरीच्या पत्रिका वाटताना बायकोला आडवं केलं. विश्वजीतच्या घरच्यांनी तुझ्या केसचं निमित्त केलं, पण तुझं लग्न तसंही मोडलं असतं.

हे लिहिलं आणि वाचून पाहिलं. कोर्टात उभ्या राहिलेल्या माणसाचं वाटतंय. राहू दे, खोडत नाही.

काल सकाळी मी सहा मिनिटं एका जागी स्थिर राहिलो. शहेजादने दोन्ही हात वर करून दाखवले, की मी काही धरलेलं नाही, तुमचं तुम्हीच करताय. खाली गवत चौफेर लोळत होतं आणि आम्ही त्याच्यावर एका जागी. ऋतु, मला इतका आनंद तुझ्या जन्मानंतर झाला नव्हता. उतरल्यावर मी शेडच्या मागे जाऊन रडलो. बावन्न वर्षांचा माणूस, कानावर तो हेडसेट तसाच.

घरी आल्यावर मम्मीला सांगितलं. ती पाय शेकत बसली होती. म्हणाली, "बरं झालं. आता उतरा तिथून."

तिच्याकडे पाहिलं की मला एक दुपार आठवते. पहिल्या ऑपरेशननंतर तिला जरा बोलता येऊ लागलं होतं. मी खुर्चीत बसून तिच्यासाठी संत्रं सोलत होतो, तू पायाशी उभी होतीस. तिने तुला काही दोष दिला नाही. नुसतं म्हणाली, "जरा सावकाश चालवायची ना गं." तू माझ्याकडे पाहिलंस. किती वेळ पाहत होतीस. मी मान खाली घालून संत्र्याच्या शिरा काढत राहिलो. एक-एक शीर काढली. मग तू बाहेर गेलीस.

तेव्हा एक वाक्य बोललो असतो तर पुरलं असतं, हे मला कळतं. न कळण्याइतका मी बावळट नाही.

पप्पा

*

रविवार, ३० मार्च, पाडवा

ऋतुजा,

गुढी उभारली. साखरेची गाठी मम्मीने तुझ्या नावाची वेगळी काढून ठेवली, दरवर्षी ठेवते. मुंग्या लागल्या की टाकते.

माझ्या सोलोचा दिवस जवळ आला आहे. सोलो म्हणजे शिकवणारा उतरून जातो आणि आपण एकटे एक फेरी मारून परत येतो. हे झालं, की तुम्ही खरे उडालात. शहेजाद म्हणतो, अजून दोन रविवार सराव, मग सोडतो तुम्हाला.

म्हणून आज खरं लिहितो. हे कागदावर आलं नाही तर मी वर जाऊ नये, असं मला वाटतंय.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. हवालदारापुढे तू स्वतःहून "मी" म्हणाली नाहीस. तो येण्याआधी अर्धा तास मी तुला कॉरिडॉरमध्ये घेऊन गेलो आणि म्हटलं, "लोकांनी बघितलंच आहे, तू फक्त हो म्हण. थोड्या दिवसांचा प्रश्न आहे, मग मी सगळं सरळ करतो." तू विचारलंस, "मम्मीला पण असंच सांगायचं?" मी म्हटलं, तिला आत्ता त्रास नको. तू तेवीस वर्षांची होतीस आणि तुझा बापावर विश्वास होता.

थोड्या दिवसांचा प्रश्न म्हणजे काय, हे मी तुला कधीच सांगितलं नाही. तुला वाटलं मी केसला घाबरलो, भावकीला घाबरलो. तसं असतं तर बरं होतं. अपघात रविवारी झाला. त्याच आठवड्यात गुरुवारी माझी मेडिकल होती, पायलटच्या लायसन्ससाठी लागते ती. तारीख महिनाभर आधी मिळाली होती. गाडी चालवताना मी बेशुद्ध पडलो हे पोलिसांच्या कागदावर आलं असतं, तर तो दरवाजा मला कायमचा बंद होता. तीस वर्षं थांबल्यावर चार दिवस आधी बंद. मी रस्त्याच्या कडेला पडलो होतो, मम्मी आत कण्हत होती, तुझ्या कपाळातून रक्त येत होतं आणि माझ्या डोक्यात गुरुवार होता. शपथ घेऊन सांगतो, दुसरं काही नव्हतं.

त्या गुरुवारी मम्मीचं दुसरं ऑपरेशन होतं. मी तुला म्हटलं, पोलीस चौकीत जाऊन येतो. मी चौकीत गेलो नाही, डॉक्टरकडे गेलो. त्या फॉर्मवर प्रश्न होता, कधी शुद्ध हरपली आहे का, झटके आले आहेत का. पुढे हो आणि नाही असे दोन चौकोन. मी नाहीवर खूण केली. डॉक्टर माझ्या कपाळावरची पट्टी बघून म्हणाला, हे काय? मी म्हटलं, मुलगी गाडी चालवत होती, ठोकली. तो म्हणाला, आजकालची पोरं. मी मान डोलावली.

परत आलो तेव्हा ऑपरेशन आटोपलं होतं, तू मम्मीच्या खोलीबाहेर एकटी बसली होतीस. मला चहा आणून दिलास.

मेडिकल पास झालो. पण उडता कुठे आलं. मम्मीचा पाय, मग लॉकडाऊन, मग तिचे व्यायाम. ते सगळे मीच करून घेतले, सकाळ-संध्याकाळ, एक दिवस चुकवला नाही. मला वाटायचं याने थोडं हलकं होईल. मागच्या वर्षी मेडिकल परत द्यावी लागली. परत नाहीवर खूण केली.

त्यानंतर पुन्हा कधी तसं झालेलं नाही.

पप्पा

*

मंगळवार, १५ एप्रिल

ऋतुजा,

परत झालं.

रविवारी सकाळी सोलोच्या आधीचा शेवटचा सराव होता. आम्ही जमिनीपासून पाच-सहा फुटांवर होतो. हवा चांगली, मी चांगला. शहेजाद रेडिओवर काहीतरी बोलायला थोडा वळला. नंतर मला आठवतं ते त्याचं ओरडणं आणि खाली आपटल्याचा दणका. मधलं नाही. हेलिकॉप्टर एका बाजूने आदळलं, ज्याच्यावर ते उभं राहतं तो पाइप वाकला. उलटलं नाही. ते केवळ त्याने झडप घालून सावरलं म्हणून. त्याचं मनगट मोडलंय, मला खरचटलंही नाही.

उतरल्यावर त्याचे ओठ पांढरे पडले होते. मला म्हणाला, "सॉरी काका. माझं लक्ष रेडिओकडे होतं. तुमचा हात सैल पडलेला मला दिसायला पाहिजे होता. विद्यार्थ्याचा हात कधी ना कधी चुकतोच, मी कशाला आहे शेजारी?"

आणि मी काय म्हणालो असेन ते तू ओळखलं असशील. काही म्हणालो नाही. पाणी मागितलं.

त्याने रिपोर्टमध्ये स्वतःची चूक लिहिली. संस्थेने चौकशी होईपर्यंत त्याला उडवायचं बंद केलंय. पोरगा आता मनगटाला प्लास्टर घालून वडिलांच्या दुकानात बसतो. मला संस्थेतून फोन आला, की तुमचं काही नुकसान होणार नाही, येत्या रविवारी दुसरे कॅप्टन तुमचा सोलो घेतील. मी "बरं" म्हणालो. फोन ठेवल्यावर मला माझाच आवाज ऐकू येत राहिला.

अजून एक. त्यानंतर कधी झालं नाही असं मी पाडव्याला लिहिलं. तेही खोटं. दोन वर्षांपूर्वी मंडईत आंबे बघता बघता मी खाली बसलो होतो. फळवाल्या बाईने तोंडावर पाणी मारलं. ऊन लागलं, असं मी तिला सांगितलं, स्वतःलाही सांगितलं, आणि आंबे घेऊन घरी आलो.

सहा वर्षांपूर्वी झाडाला धडकलो तेव्हा मला माहीत नव्हतं. यावेळी माहीत असून त्या पोराच्या शेजारी बसलो. तो शेजारी नसता, मी एकटा असतो, तर एक तरी बरं होतं, असा विचार येतो. तो मी हाकलून लावतो, पण तुझ्यापासून काही लपवायचं नाही असं ठरवलंय म्हणून लिहिलं.

पप्पा

*

शनिवार, १९ एप्रिल

ऋतुजा,

काल गेलो होतो संस्थेत. मुख्य प्रशिक्षकांपुढे बसलो आणि सांगितलं, की शहेजादची काही चूक नाही, मी शुद्धीत नव्हतो आणि हे पहिल्यांदा झालेलं नाही. लेखी दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. ओरडले नाहीत. ड्रॉवर उघडून माझं लॉगबुक काढलं, एकवीस तास चाळीस मिनिटं भरली होती त्यात. शेवटच्या ओळीखाली त्यांनी रेघ मारली आणि म्हणाले, "आपण मेहनती विद्यार्थी होता." होता. मी उठून बाहेर आलो.

बाहेर त्या दुसऱ्या हेलिकॉप्टरवर एक मुलगी सराव करत होती, नवीनच आलेली. डुगडुगत होती. मला ओरडून सांगावंसं वाटलं, आवळून धरू नकोस. दहा मिनिटं कुंपणाशी उभा राहिलो. खोटं कशाला बोलू, सगळं कबूल केल्याचं समाधान वगैरे काही वाटलं नाही. आतून कुणीतरी ओरबाडून नेल्यासारखं वाटलं. तीस-पस्तीस वर्षं एक गोष्ट जपली आणि ती आता नाही.

तिथून गंज पेठेत गेलो. शहेजाद दुकानात काउंटरवर होता. मी सांगितलं. मला वाटलं होतं तो म्हणेल, जाऊ द्या काका. तो तसं म्हणाला नाही. त्याने गिऱ्हाइकाला बाहेर थांबायला सांगितलं आणि म्हणाला, "पाच दिवस, काका. पाच दिवस मी विचार करतोय की मला हे काम जमत नाही. अम्मीला म्हटलं मी सोडतो. आणि तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मी ओरडलो तेव्हाच माहीत होतं?"

"हो."

तो प्लास्टरवरून बोट फिरवत म्हणाला, "पाच दिवसांत बोललात. बरेच लोक बोलत नाहीत." मला त्याचं ते चांगुलपण सोसेना. मी म्हटलं, "बेटा, मी पाच दिवसांवाला नाही. माझ्या मुलीच्या बाबतीत सहा वर्षं गप्प आहे." तुझं सगळं सांगितलं त्याला. परक्या माणसाला पहिल्यांदा. तो ऐकत होता, आणि शेवटी त्याने एकच विचारलं, "घरी सांगितलंत?"

मी नाही म्हटलं. "मग माझ्याकडे काय करताय?" म्हणाला, आणि गिऱ्हाइकाला आत बोलावलं.

उद्या मम्मीला सांगणार आहे. आज सांगणार होतो. तिने पुरणपोळ्या केल्या होत्या. काखा वर करायला माणसाला पुरणपोळीसुद्धा पुरते.

पप्पा

*

गुरुवार, २४ एप्रिल

ऋतु,

हे पत्र टपालाने आलेलं नाही, हे तुला एव्हाना कळलं असेल. ज्या माणसाने ते आणलंय तो अजून दारात उभा असेल तर आधी त्याला आत घे, बसव, पाणी दे. मग वाच.

रविवारी मम्मीला सांगितलं. ती गवार मोडत बसली होती. मी समोर जमिनीवर बसलो आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगितलं, वळण, झाड, कॉरिडॉर, फॉर्म, सगळं. ती गवार मोडत राहिली. मला वाटलं ऐकलं नाही. मग तिने विचारलं, "गुरुवारी कुठं होता तुम्ही? दुसऱ्या ऑपरेशनला?"

मी म्हटलं, मेडिकलला.

"मी शुद्धीवर आले तेव्हा पोरगी एकटी होती," ती म्हणाली. "मला उलटी झाली, ती तिनं हातावर घेतली. मी तिच्याशी बोलले नाही. राग होता मला. मी तोंड भिंतीकडं केलं."

हे मला माहीत नव्हतं. तूही कधी कुणाला बोलली नाहीस. मम्मी रडली नाही, ऋतु. तिने मोडलेली गवार तशीच उचलून माझ्या अंगावर टाकली, परात खाली ठेवली आणि आत जाऊन दार लावलं. तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. स्वयंपाक केला, माझं ताट वाढून ठेवलं, आणि माझ्याकडे न बघता आत गेली. सोमवारी मी आपण होऊन पोलीस चौकीत जाऊन लेखी जबाब दिला. तिथला अधिकारी म्हणाला, "एवढ्या जुन्या प्रकरणाचं आता काय करायचं ते वकिलाला विचारा." वकिलाला विचारलंय. कोर्टात तुझं नाव पुसता येतं का ते तो बघतोय, तुझी सही लागेल. मंगळवारी मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो. हे झटक्यांचाच प्रकार आहे म्हणाले. गोळ्या आयुष्यभर, गाडी बंद. काल भावकीला गोळा करून सांगितलं. कुणी काही म्हणालं नाही, चहा पिऊन गेले. बाहेर जाऊन म्हणत असतील.

काल संध्याकाळी मम्मी बाहेर आली आणि म्हणाली, "तिचा पत्ता द्या." मी म्हटलं, मी रिक्षाने घेऊन जातो. ती म्हणाली, "तुम्ही नाही." पूर्वाला फोन केला, ती आज सकाळी गाडी घेऊन येतेय. बॅग भरली आहे. किती कपडे घेतले ते मी विचारलं नाही, पण मोठी बॅग आहे, माझ्या हाताने माळ्यावरून काढायला लावली.

तिच्या पायाला जिना सोसत नाही. एका पायरीवर दोन्ही पाय टेकवून मग पुढची. तुझा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही, असं पूर्वा म्हणाली. मी मम्मीला म्हटलं, आधी फोन कर, ऋतुजा खाली येईल. त्यावर म्हणाली, "नको. मी चढीन." ती तुझ्यापुढे काय बोलेल मला माहीत नाही. कदाचित काहीच बोलणार नाही. तिला तेवढा वेळ दे.

मी तुझ्याकडे माफी मागत नाही. मागितली तर द्यायची की नाही हा आणखी एक भार तुझ्यावर पडेल, आणि माझे भार तू पुरेसे वाहिलेस. सहा वर्षं तू खरं बोलू शकली असतीस, एका फोनवर, एका वाक्यात. तू बोलली नाहीस, कारण मी बोलेन याची वाट पाहत होतीस. हे मला आत्ता, या पत्रात लिहिताना कळतंय. मी तुला फार वाट पाहायला लावली.

हे पाकीट मी चिकटवणार नाही. वाटेत वाचायचं असेल तर वाच, असं मी मम्मीला सांगितलं. ती न बघता म्हणाली, पर्समध्ये टाका. मग मी विचारलं, परत कधी येणार. ती केस विंचरत होती. आरशातूनसुद्धा माझ्याकडे पाहिलं नाही.

"ते ऋतुजा सांगेल," म्हणाली.

म्हणून तिने तुला विचारलं, परत जाऊ का, तर माझी बाजू घेऊन काही सांगू नकोस.

पप्पा